अमेरिकेतला ज्यूरीचा हक्क: समन्स हाती पडलं तर, आणि स्वतःवर खटला आला तर

अमेरिकेच्या राज्यघटनेत ज्यूरी, म्हणजे खटल्याचा निकाल देणारा सामान्य नागरिकांचा गट, चार ठिकाणी येते. मूळ घटनेच्या तिसऱ्या कलमात, म्हणजे न्यायसंस्थेच्या कलमात, गुन्ह्यांचे खटले ज्यूरीपुढे चालावेत असं म्हटलं आहे. पाचव्या दुरुस्तीत ग्रँड ज्यूरी (गंभीर गुन्ह्याचा खटला भरायचा की नाही ते ठरवणारी) आहे, सहाव्या दुरुस्तीत फौजदारी खटल्यातल्या आरोपीचा हक्क आहे आणि सातव्या दुरुस्तीत दिवाणी दाव्यांचा. या तिन्ही दुरुस्त्या १७९१ सालच्या. एवढ्या ठिकाणी लिहून ठेवलेला हक्क आपल्याला आपसूक मिळेल असं वाटतं, आणि नवखी माणसं नेमकी इथेच फसतात. काही प्रकरणांत हा हक्क मुळात लागू नसतो. काहींत तो ठरावीक दिवसांच्या आत लेखी मागावा लागतो. बऱ्याचदा तर तो आपण स्वतःच एका सहीने सोडून दिलेला असतो आणि ते आपल्याला माहीतही नसतं.

हा लेख व्हिसावर, ग्रीन कार्डवर किंवा नुकतीच नागरिकत्वाची शपथ घेऊन अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे. बहुतेकांची या हक्काशी पहिली गाठ टपालात आलेल्या समन्समुळे पडते, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

समन्स आल्यावर पहिली दहा मिनिटं

पाकीट उघडून आधी तीन गोष्टी शोधा: न्यायालय कुठलं, तारीख कोणती, आणि तुमचा ज्युरर (ज्यूरीतला सदस्य) क्रमांक किंवा गट क्रमांक काय. न्यायालयाच्या नावात ‘युनायटेड स्टेट्स डिस्ट्रिक्ट कोर्ट’ असेल तर ते संघराज्याचं, म्हणजे फेडरल. ‘सुपीरियर कोर्ट’, ‘काउंटी कोर्ट’, ‘सर्किट कोर्ट’ असं काही असेल तर बहुधा राज्याचं. दोन्हींचे नियम, भत्ता आणि दंड वेगवेगळे असतात, त्यामुळे मित्राने सांगितलेला नियम आपल्याला लागू होईलच असं नाही.

समन्स टपालाने येतं. ‘तुम्ही ज्यूरी ड्यूटीला आला नाहीत, अटकेचं वॉरंट निघालंय, आत्ता गिफ्ट कार्डने दंड भरा’ असा फोन आला तर ती फसवणूक आहे. न्यायालय फोनवरून पैसे, कार्डाचा नंबर किंवा सोशल सिक्युरिटी नंबर मागत नाही. फोन ठेवा आणि न्यायालयाच्या अधिकृत वेबसाइटवरचा नंबर स्वतः शोधून ज्यूरी कार्यालयाला विचारा. फोन करणाऱ्याने दिलेला नंबर वापरू नका.

नागरिक नसाल तर

ज्यूरीत बसण्याचा अधिकार फक्त अमेरिकन नागरिकांना आहे. तरीही व्हिसावरच्या आणि ग्रीन कार्डवरच्या लोकांना समन्स येतं, कारण बरीच राज्यं नावं ड्रायव्हिंग लायसन्सच्या यादीतून उचलतात आणि त्या यादीत नागरिकत्वाची चाळणी नसते. समन्स आलं म्हणून घाबरायचं कारण नाही. पण ते फेकूनही द्यायचं नाही.

सोबतच्या प्रश्नावलीत ‘तुम्ही युनायटेड स्टेट्सचे नागरिक आहात का?’ हा प्रश्न असतो. त्याला ‘नाही’ वर खूण करायची, सही करायची आणि मुदतीत परत पाठवायची, किंवा वेबसाइटवर तेच उत्तर भरायचं. पुरावा मागितला असेल तर ग्रीन कार्डची किंवा व्हिसाची प्रत जोडायची. पाठवलेल्या कागदाचा फोटो आणि ऑनलाइन पावती जपून ठेवायची.

या एका खुणेबद्दल फार जपून राहा. घाईत किंवा ‘अनुभव तरी घेऊ’ म्हणून ‘होय’ वर खूण केली, तर तो नागरिकत्वाचा खोटा दावा समजला जाऊ शकतो. इमिग्रेशन कायद्यात तो हद्दपारीचं कारण ठरतो आणि पुढे नागरिकत्व मिळण्याची वाटही बंद करू शकतो. यातून सूट मिळण्याचे मार्ग अगदी मोजके आहेत. नागरिकत्वाची मुलाखत झाली, पण शपथ बाकी आहे, अशा मधल्या काळात समन्स आलं तरी उत्तर ‘नाही’ हेच. शपथ घेईपर्यंत तुम्ही नागरिक नसता.

नागरिक असाल तर

फेडरल न्यायालयाच्या अटी अशा: वय किमान १८, त्या न्यायिक जिल्ह्यात एक वर्ष वास्तव्य, प्रश्नावली भरता येईल इतपत इंग्रजी वाचता-लिहिता-समजता येणं आणि बोलता येणं, आणि एक वर्षाहून जास्त कैद होऊ शकेल असा गुन्हा अंगावर प्रलंबित नसणं किंवा पूर्वी सिद्ध झालेला नसणं. राज्यांच्या अटी साधारण याच वळणाच्या असतात.

इंग्रजीच्या अटीचा संबंध आपल्याकडच्या ज्येष्ठांशी फार जवळून येतो. वय ५० आणि ग्रीन कार्डला २० वर्षं, किंवा वय ५५ आणि ग्रीन कार्डला १५ वर्षं झालेल्यांना नागरिकत्वाची परीक्षा स्वतःच्या भाषेत देता येते. त्यामुळे इंग्रजी जेमतेम येणारे आई-बाबा, काका-मावशी नागरिक होतात आणि त्यांच्या नावे समन्स येतं. अशा वेळी मुलाने किंवा सुनेने परस्पर सफाईदार इंग्रजीत फॉर्म भरून पाठवला तर त्यांना इंग्रजी येतं असाच समज होतो. फॉर्म दुसऱ्याने भरला असेल तर तसं आणि का भरला ते फेडरल फॉर्मवर लिहावं लागतं. ते प्रामाणिकपणे लिहा, ‘इंग्रजी पुरेसं समजत नाही’ हे नमूद करा. बहुतेक वेळा एवढ्यावर नाव वगळतात. न्यू मेक्सिको हे याला अपवाद असलेलं राज्य आहे. इंग्रजी येत नाही या कारणावरून ज्यूरीतून वगळू नये असं तिथल्या राज्याच्या घटनेतच लिहिलं आहे.

सत्तरी ओलांडलेल्यांना बरीच फेडरल न्यायालयं मागणी केल्यास सूट देतात. सेवेत असलेले सैनिक, व्यावसायिक पोलीस व अग्निशमन कर्मचारी यांना फेडरल ज्यूरीतून मुळातच वगळलेलं असतं.

तारीख पुढे ढकलणं

भारताची तिकिटं काढली आहेत, बाळंतपण आहे, परीक्षा आहे, अशा कारणांसाठी तारीख पुढे ढकलून मिळते. पहिल्यांदा मागितली तर फारशी खळखळ होत नाही आणि अनेक ठिकाणी हे काम वेबसाइटवरच होतं. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. विनंती समन्स येताच करायची, आदल्या दिवशी नव्हे. आणि पुढची तारीख स्वतः सुचवायची, म्हणजे कामाच्या घाईत किंवा पुढच्या प्रवासात ती पुन्हा आडवी येणार नाही.

सूट मागणं ही वेगळी गोष्ट आहे. त्यासाठी डॉक्टरांचं पत्र, घरात सतत सांभाळावं लागणारं आजारी माणूस, रोजच्या कमाईवर चालणारं घर अशी ठोस कारणं कागदासकट लागतात. ‘ऑफिसात रिलीज आहे’ हे कारण चालत नाही.

न सांगता गैरहजर राहिलात तर फेडरल न्यायालय १,००० डॉलरपर्यंत दंड, तीन दिवसांपर्यंत कैद, सामाजिक सेवा किंवा हे सगळं एकत्रही सुनावू शकतं. प्रत्यक्षात आधी ‘का आला नाहीत ते सांगा’ अशी नोटीस येते. तिला उत्तर दिलं तर प्रकरण बहुधा नव्या तारखेवर मिटतं, तीही दुर्लक्षिली तर चिघळतं.

नोकरी आणि पैसे

समन्सची प्रत त्याच दिवशी मॅनेजरला आणि एचआरला ईमेलने पाठवा. फेडरल ज्यूरी सेवेमुळे कायम नोकरीतल्या माणसाला काढून टाकणं, धमकावणं किंवा त्रास देणं बेकायदा आहे. मालकाला प्रत्येक उल्लंघनाला ५,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. राज्यांचेही असे कायदे आहेत. पगार चालू ठेवण्याची सक्ती मात्र फेडरल कायद्यात नाही. तो कंपनीच्या धोरणावर आणि राज्याच्या कायद्यावर ठरतो. कंत्राटी कामावर असाल तर आधीच विचारून घ्या.

भत्ता म्हणून फेडरल न्यायालय दिवसाला ५० डॉलर देतं, खटला दहा दिवसांच्या पुढे गेला तर ६० पर्यंत. राज्यांत हा आकडा खूपच कमी असू शकतो. कॅलिफोर्नियात वर्षानुवर्षं तो दुसऱ्या दिवसापासून १५ डॉलर आहे. ही रक्कम करपात्र उत्पन्न आहे. कंपनीने पूर्ण पगार देऊन भत्ता स्वतःकडे घेतला असेल तर तेवढी वजावट करविवरणात मिळते. निघताना हजेरीचा दाखला मागून घ्या, एचआर तोच मागतं.

आदली संध्याकाळ आणि तो दिवस

बहुतेक न्यायालयं आदल्या दिवशी संध्याकाळी वेबसाइटवर किंवा रेकॉर्ड केलेल्या फोनवर कुठल्या गटाने यायचं ते जाहीर करतात. ते न पाहता तासभर गाडी हाकत जाणारे बरेच असतात. याच्या उलट चूक जास्त महागात पडते: सोमवारी आपला गट बोलावला नाही म्हणजे सुटलो असं समजणं. अनेक काउंट्यांत तुम्ही आठवडाभर ‘ऑन कॉल’ असता आणि रोज संध्याकाळी तपासावं लागतं.

सोबत समन्स, फोटो ओळखपत्र, वाचायला काहीतरी आणि डबा घ्या. दारात विमानतळासारखी तपासणी असते. पर्समधली छोटी कात्री, चाकू असलेली किल्लीची चेन घरी ठेवा. पार्किंग कुठे आणि फुकट की कसं, ते समन्सवरच छापलेलं असतं. दिवसाचा मोठा भाग वाट पाहण्यात जातो आणि बरेच लोक कुठल्याही खटल्यात न बसता संध्याकाळी घरी येतात. तोही दिवस वाया गेलेला नसतो. बाहेर ज्युरर तयार बसले आहेत हे दिसलं की दोन्ही बाजू तडजोडीला येतात, हे न्यायालयात नेहमी घडतं.

निवड: प्रश्नांना उत्तरं कशी द्यायची

तुमचा गट कोर्टरूममध्ये नेला की खरं बोलण्याची शपथ देतात आणि न्यायाधीश व वकील प्रश्न विचारू लागतात. याला ‘व्वा डीर’ म्हणतात. कामधंदा काय, पूर्वी ज्यूरीत बसलात का, पोलिसाच्या साक्षीवर इतरांपेक्षा जास्त विश्वास ठेवाल का, घरात कुणी अपघाताचा किंवा गुन्ह्याचा बळी झालंय का, असे प्रश्न असतात.

नावं दोन रीतींनी गळतात. एक ‘फॉर कॉज’: तुम्ही निःपक्षपाती राहू शकणार नाही असं दिसलं तर न्यायाधीश काढतात, आणि याला संख्येची मर्यादा नाही. दुसरी ‘पेरेम्प्टरी’: वकील कारण न सांगता नाव खोडतो, पण ठरावीक वेळाच. फेडरल न्यायालयात मोठ्या गुन्ह्याच्या खटल्यात सरकारला अशी ६ आणि आरोपीला १० नावं खोडता येतात. त्याहून छोट्या गुन्ह्यात दोघांना ३-३, दिवाणी दाव्यातही ३-३ आणि देहदंडाच्या खटल्यात २०-२०.

वगळलं गेलं तर वाईट वाटून घेऊ नका. अपघाताच्या दाव्यातून डॉक्टर आणि विमा कंपनीतले लोक गळणं रोजचंच आहे. मात्र वंश किंवा लिंग पाहून नाव खोडायला सर्वोच्च न्यायालयाने बंदी केली आहे, १९८६ च्या बॅटसन खटल्यात वंशाबाबत आणि १९९४ मध्ये लिंगाबाबत. आपल्या इंग्रजीच्या ढबीचाही न्यूनगंड नको. अट भाषा समजण्याची आहे, उच्चाराची नाही.

उत्तर खरं आणि थोडक्यात द्या. चारचौघांत सांगण्यासारखं नसेल, समजा घरातल्या हिंसेबद्दल काही असेल, तर ‘हे खासगीत सांगायचं आहे’ म्हणा. न्यायाधीश बाजूला बोलावून ऐकतात. सुटका व्हावी म्हणून ‘मला सगळेच गुन्हेगार वाटतात’ असं ठोकून देण्याचा सल्ला ओळखीचे देतील. तो ऐकू नका. ते शपथेवरचं खोटं आहे, आणि समोर बसलेल्या माणसाच्या आयुष्याचा निकाल लागणार असतो. लपवणं तर त्याहून घातक. आरोपी ओळखीचा आहे हे निकालानंतर उघडकीला आलं तर सगळा खटला पुन्हा चालवावा लागू शकतो.

खटला चालू असताना

निवड झाली की एक नियम इतर सगळ्यांपेक्षा मोठा: कोर्टरूममध्ये जे ऐकलं-पाहिलं त्याखेरीज काहीही नाही. गूगलवर आरोपीचं नाव शोधायचं नाही, मॅपवर घटनास्थळ पाहायचं नाही, औषधाचे परिणाम वाचायचे नाहीत, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘आज काय झालं माहितीये?’ असं लिहायचं नाही. नवऱ्याशी-बायकोशीसुद्धा खटल्याबद्दल बोलायचं नाही. बाहेर मिळालेली माहिती खरी असेलही, पण तिची उलटतपासणी झालेली नसते, आणि साक्षीदाराला समोरासमोर प्रश्न विचारण्याचा हक्क सहाव्या दुरुस्तीनेच आरोपीला दिलेला आहे. एका ज्युररच्या अशा शोधामुळे काही आठवड्यांचा खटला बाद होतो आणि त्या ज्युररवर न्यायालयाच्या अवमानाची कारवाई होऊ शकते. इतर ज्युररांशीही विचारविनिमय सुरू होईपर्यंत न बोलण्याची सूचना सहसा असते. चहाच्या सुट्टीत हवापाण्याच्या गप्पा माराव्यात.

ज्यूरीच्या खोलीत

आधी फोरपर्सन, म्हणजे ज्यूरीचा प्रमुख, निवडतात. मग लगेच हात वर करून मत घेण्याचा मोह होतो. तो टाळावा असं आमचं स्पष्ट मत आहे. एकदा मत जाहीर झालं की माणसं ते राखायला लागतात, पुरावा बाजूला राहतो. न्यायाधीशांनी दिलेल्या लेखी सूचना मध्ये ठेवा आणि गुन्ह्याचा एकेक घटक घेऊन विचारा: हा कुठल्या साक्षीने सिद्ध झाला? चोरीच्या आरोपात वस्तू दुसऱ्याची होती, ती नेली, आणि परत न देण्याच्या हेतूने नेली, हे सगळं स्वतंत्रपणे सिद्ध व्हावं लागतं. दोन सिद्ध आणि एक अधांतरी, तर दोषी म्हणता येत नाही.

फौजदारीत कसोटी ‘वाजवी संशयापलीकडे’ अशी आहे. दिवाणीत बहुधा ‘कुणाचं पारडं किंचित जड’ एवढंच पाहतात. आरोपी साक्षीला उभा राहिला नाही तर त्याचा अर्थ त्याच्याविरुद्ध लावायचा नाही. काही समजलं नाही तर फोरपर्सनने चिठ्ठी लिहून बेलिफकडे (न्यायालयाच्या कर्मचाऱ्याकडे) द्यायची, उत्तर न्यायाधीश देतात.

गंभीर गुन्ह्यात दोषी ठरवायला आता सर्व राज्यांत एकमत लागतं. लुईझियाना आणि ओरेगॉनमध्ये पूर्वी १०-२ नेही चालत असे. २०२० च्या रामोस निकालाने ते बंद झालं. याचं मोल मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. १९०८ साली मुंबई हायकोर्टात टिळकांवरच्या राजद्रोहाच्या खटल्यात सात युरोपीय आणि दोन पारशी अशी ज्यूरी बसली, ७ विरुद्ध २ ने दोषी ठरवलं गेलं आणि सहा वर्षांची शिक्षा झाली. एकमताचा नियम असता तर त्या दोन मतांनी दोषी ठरवणं अडलं असतं.

एकमत झालंच नाही तर ज्यूरी ‘हंग’ होते, खटला अनिर्णित राहतो आणि सरकार तो पुन्हा चालवू शकतं. म्हणून घरी लवकर जायला मिळावं यासाठी मत बदलू नका, आणि पटल्यावर केवळ हट्टाने धरूनही बसू नका.

तुमच्यावरच खटला आला तर

पहिली गोष्ट: सहाव्या दुरुस्तीचा हक्क ‘आरोपी’चा आहे, नागरिकाचा नव्हे. व्हिसावर असलात, व्हिसा संपलेला असला, तरी गुन्ह्याचा खटला असेल तर हक्क तोच. ज्यूरीत बसायला नागरिकत्व लागतं, ज्यूरी मागायला लागत नाही. हा फरक पुष्कळांना ठाऊक नसतो.

दुसरी: आरोपाची कमाल शिक्षा किती ते वकिलाला विचारा. तुम्हाला प्रत्यक्षात किती होईल हा प्रश्न इथे नाही, कायद्यात लिहिलेली कमाल पाहतात. १९६८ च्या डंकन निकालाने हा हक्क राज्यांवरही बंधनकारक झाला आणि १९७० मध्ये रेषा आखली गेली: सहा महिन्यांहून जास्त कैद होऊ शकत असेल तर ज्यूरी मिळालीच पाहिजे. सहा महिने किंवा कमी असेल तर गुन्हा किरकोळ धरला जातो आणि घटनेने ज्यूरी देणं सहसा बंधनकारक नसतं. असे किरकोळ आरोप चार एकत्र लावले आणि बेरीज सहा महिन्यांच्या वर गेली तरी फरक पडत नाही. १९९६ मध्ये तसा निकाल झाला आहे.

राज्याला यापेक्षा जास्त देता येतं, म्हणून राज्य बदललं की उत्तर बदलतं. दारू पिऊन गाडी चालवल्याचा पहिला साधा आरोप कॅलिफोर्नियात आला तर ज्यूरी मिळते. तोच न्यू जर्सीत आला तर म्युनिसिपल न्यायालयात एकटे न्यायाधीश निकाल देतात. साध्या ट्रॅफिक तिकिटाला सहसा ज्यूरी नसते. अल्पवयीन मुलांच्या न्यायालयात घटनेने ती बंधनकारक नाही. आणि इमिग्रेशन न्यायालयात अजिबात नाही: हद्दपारी कायद्याच्या नजरेत शिक्षा नसून दिवाणी कार्यवाही आहे, तिथे फक्त न्यायाधीश असतात.

तिसरी: ज्यूरीतल्या माणसांची संख्या. फेडरल फौजदारीत १२. राज्यांना सहापर्यंत खाली येता येतं, पाचवर नाही. फ्लोरिडात देहदंडाचे खटले सोडून बाकी सहांपुढेच चालतात.

पहिल्या हजेरीला काय करायचं? वकील नसेल तर ‘वकील हवा आहे’ म्हणा. ऐपत नसेल आणि कैदेची शक्यता असेल तर सरकारी खर्चाने वकील मिळतो. इंग्रजी अडत असेल तर दुभाषा मागा आणि भाषा ‘मराठी’ अशी स्पष्ट सांगा. न सांगितल्यास हिंदीचा दुभाषा आणून बसवतात, आणि पोलिसासमोरचं वाक्य हिंदीत अर्धवट उमटलं तर तेच नोंदीत राहतं. मराठी दुभाषे थोडे आहेत, त्यामुळे मागणी तारखेच्या बरीच आधी वकिलामार्फत लेखी द्यावी. त्या दिवशी समोर आलेल्या ‘ज्यूरीचा हक्क सोडतो’ या कागदावर वकिलाशी बोलल्याशिवाय सही करू नका.

कधी कधी फक्त न्यायाधीशांपुढे खटला चालवणं फायद्याचं असतं, विशेषतः वाद तांत्रिक कायद्याचा असेल किंवा आरोप ऐकूनच लोक बिथरतील असा असेल तर. पण तोही एकतर्फी निर्णय नाही. फेडरल न्यायालयात आरोपीने लेखी हक्क सोडावा लागतो, सरकारची संमती लागते आणि न्यायाधीशांची मंजुरीही.

गुन्हा कबूल करण्याआधी

२०१२ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने नमूद केलं आहे की फेडरल दोषसिद्धींपैकी ९७ टक्के आणि राज्यांतल्या ९४ टक्के गुन्हा कबूल केल्याने होतात. म्हणजे ज्यूरीचा हक्क बहुतेक वेळा ‘प्ली बार्गेन’च्या, म्हणजे सवलतीच्या बदल्यात कबुली देण्याच्या सौद्याच्या, टेबलावरच संपतो. कबुली देताना तीन हक्क सुटतात: ज्यूरीचा, साक्षीदारांना समोरासमोर तपासण्याचा आणि स्वतःविरुद्ध न बोलण्याचा. न्यायाधीश हे तीनही मोठ्याने विचारतात. ‘येस, युअर ऑनर’ म्हणण्याआधी प्रत्येकाचा अर्थ समजला आहे ना, हे स्वतःला विचारा.

नागरिक नसलेल्यासाठी इथे आणखी एक खड्डा आहे. वकील सांगतो, ‘कबूल करा, वर्षभर नीट वागा, नोंद पुसली जाईल.’ राज्याच्या कायद्यात ती पुसलीही जाते. इमिग्रेशन कायद्याची व्याख्या वेगळी आहे: तुम्ही गुन्हा कबूल केला आणि न्यायालयाने कोणतंही बंधन घातलं, तर पुढे नोंद पुसली गेली तरी ती दोषसिद्धी धरली जाऊ शकते. २०१० च्या पडिया निकालानुसार कबुलीमुळे हद्दपारीचा धोका असेल तर तसा सल्ला देणं फौजदारी वकिलाचं घटनात्मक कर्तव्य आहे. पहिल्याच भेटीत त्याला आपला व्हिसा किंवा ग्रीन कार्डची स्थिती सांगा, प्रत द्या, आणि कबुलीच्या नेमक्या कलमाबद्दल इमिग्रेशन वकिलाचं मत घ्यायला सांगा. दोन कलमांत शिक्षा सारखीच असते, पण एकाने ग्रीन कार्ड जातं आणि दुसऱ्याने राहतं, असं होऊ शकतं.

निर्दोष ठरलात तर विषय तिथेच संपतो. ज्यूरीवर विश्वास ठेवावा का, असं म्हणताना आपल्याकडे हटकून नानावटी खटला निघतो. १९५९ मध्ये मुंबईच्या ज्यूरीने ८-१ ने निर्दोष म्हटलं, सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं, जन्मठेप झाली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. तेव्हाच्या भारतीय फौजदारी प्रक्रियेत तशी तरतूद होती, आणि ज्यूरी हा आपल्या घटनेतला हक्क कधीच नव्हता. अमेरिकेत हे घडू शकत नाही. ज्यूरीने ‘नॉट गिल्टी’ म्हटलं की न्यायाधीश ते फिरवू शकत नाहीत, सरकारला त्यावर अपील नाही आणि त्याच आरोपासाठी तेच सरकार पुन्हा खटला भरू शकत नाही. दोषी ठरलात तर अपील तुम्हाला आहे.

दिवाणी दावा: चौदा दिवसांचा हिशेब

अपघाताची भरपाई, कराराचा भंग, नोकरीतला भेदभाव अशा पैशांच्या दाव्यांत सातवी दुरुस्ती लागू होते. दाव्याची रक्कम २० डॉलरपेक्षा जास्त हवी, असं १७९१ मध्ये लिहिलं गेलं आणि ते तसंच आहे. ही दुरुस्ती फक्त फेडरल न्यायालयांना बांधते. राज्यांच्या न्यायालयांत त्या-त्या राज्याच्या घटनेतली तरतूद पाहावी लागते. पैशांऐवजी फक्त मनाई हुकूम मागितला असेल तर ज्यूरी नाही. घटस्फोटात ती सहसा नसते, पण टेक्सासमध्ये काही मुद्द्यांवर मिळते. कर न्यायालयात नसते, बहुतेक ठिकाणी स्मॉल क्लेम्समध्येही (लहान रकमांच्या दाव्यांच्या न्यायालयात) नसते.

आता मुख्य मुद्दा. फेडरल दिवाणी दाव्यात ज्यूरी लेखी मागावी लागते, आणि वादाच्या मुद्द्यावरचं शेवटचं निवेदन, म्हणजे बहुधा प्रतिवादीचं उत्तर, बजावल्यापासून १४ दिवसांच्या आत. उत्तर २० मार्चला बजावलं तर मागणी ३ एप्रिलपर्यंत दुसऱ्या बाजूला बजावली गेली पाहिजे, आणि ती न्यायालयातही दाखल करायची. चुकलं की हक्क सोडला असं धरतात. नंतर न्यायाधीश विनंतीवरून ज्यूरी देऊ शकतात, पण ते त्यांच्या मर्जीवर. म्हणून जाणते वकील वाट पाहतच नाहीत. दाव्याच्या पहिल्याच पानावर शीर्षकाखाली ‘ज्यूरी ट्रायल डिमांडेड’ असं छापतात. तुमच्या दाव्याचा मसुदा हाती आला की ती ओळ आधी शोधा. एकदा मागणी केली की समोरच्या पक्षाच्या संमतीशिवाय ती मागे घेता येत नाही.

कॅलिफोर्नियाच्या राज्य न्यायालयात मागणीबरोबर १५० डॉलरची ठेव वेळेत भरावी लागते, साधारणपणे पहिल्या केस मॅनेजमेंट कॉन्फरन्सपर्यंत (खटल्याचं वेळापत्रक ठरवणाऱ्या बैठकीपर्यंत), आणि ती परत मिळत नाही. तिथे दिवाणीत १२ पैकी ९ मतांनी निकाल होतो. फेडरल दिवाणीत ज्यूरी ६ ते १२ जणांची असते आणि पक्षांनी वेगळं ठरवलं नसेल तर एकमत लागतं.

शेवटचं कलम तुमच्या नोकरीच्या करारात, क्रेडिट कार्डाच्या किंवा फोन कंपनीच्या अटींत आहे. ‘आर्बिट्रेशन’ हा शब्द असलेल्या परिच्छेदाने वाद लवादाकडे जातो आणि ज्यूरीचा हक्क जातो. असे करार १९२५ च्या फेडरल कायद्याने बहुतेक वेळा टिकतात. पण अनेक कंपन्या त्याच परिच्छेदाच्या शेवटी बाहेर पडायची मुभा देतात, बऱ्याचदा ३० दिवसांची. खातं उघडल्याच्या किंवा करारावर सही केल्याच्या दिवशीच पत्र पाठवा: नाव, पत्ता, खाते क्रमांक आणि ‘मी लवादाची अट नाकारत आहे’ एवढं पुरतं. अटींत टपालाचा पत्ता दिला असेल तर ईमेलवर विसंबू नका, सर्टिफाइड टपालाने पाठवा आणि पोचपावती कराराच्या प्रतीला जोडून ठेवा.